मनोहररावांचं चाऱ्याचं तळं

मनोहररावांनी आयुष्यात एकही बदक मारलेलं नाही. बंदूक त्यांनी हातात धरली आहे, पण ती साहेबांच्या जीपमधून साहेबांच्या खोलीपर्यंत नेण्यापुरती, आणि तीही नळीचं तोंड आपल्याकडे नाही ना हे पुन्हा पुन्हा बघत. ही गोष्ट सिंगापूरच्या अख्ख्या बुकित पंजांगमध्ये एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी उर्मिलाबाई. उर्मिलाबाई हे कुणाला सांगत नाहीत. मनोहरराव बदकांची गोष्ट सांगायला लागले की त्या फक्त उठून स्वयंपाकघरात जातात आणि मिक्सर लावतात.

बाकीच्या जगाला एवढंच ठाऊक आहे की मनोहरराव पाटबंधारे खात्यात असताना ‘बदकांच्या शिकारीत होते’. बाकीचं जग म्हणजे ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या, बाकांवर बसणारे पेन्शनर, महाराष्ट्र मंडळातली पोरंसोरं, पॉलिक्लिनिकमधली फिलिपिनो नर्स, आणि एकदा तर एलआरटीच्या छोट्या ट्रेनमध्ये शेजारी बसलेला, कानात इअरफोन घातलेला एक तरुण. त्याने उतरताना मान हलवली होती. ती गाण्याच्या ठेक्यावर हलली असावी, पण मनोहररावांनी ती दाद म्हणून जमा करून घेतली.

खरी हकीकत अशी. चाळीसेक वर्षांपूर्वी, शिकारीचे परवाने मिळत तेव्हा, मनोहरराव नीरा कालव्याच्या एका सेक्शनवर नवेकोरे ज्युनिअर इंजिनिअर होते. त्यांचे साहेब प्रतापराव यांच्याकडे दुनळी बंदूक, तिचा परवाना आणि थंडीतल्या रविवारी मोकळा वेळ, अशा तिन्ही गोष्टी होत्या. बदकं मात्र साहेबांना विचारून कुठे बसत नाहीत. दिवसभर ती धरणाच्या मधोमध, गोळीच्या टप्प्याबाहेर डुलत पडतात आणि दिवस मावळला की पोटापाण्याला उडतात. ती कुठे उतरणार हे त्यांच्यावर न सोडता आपणच ठरवायचं, याची एक जुनी युक्ती आहे. आडबाजूचं तळं निवडायचं आणि त्याच्या उथळ कोपऱ्यात रोज संध्याकाळी भिजवलेली ज्वारी टाकायची. पहिले काही दिवस कुणी फिरकत नाही. मग एखादं चुकार जोडपं येतं. ते परत जाऊन बाकीच्यांना काय सांगतं कोण जाणे, पण बघता बघता पंगती उठायला लागतात. पंगत नीट बसली, की येत्या रविवारी साहेब बंदूक घेऊन झुडपाआड जाऊन बसतात.

या सगळ्या उद्योगातलं ज्वारी टाकणं, तेवढं मनोहररावांकडे होतं.

आणि ते त्यांनी मन लावून केलं. पाणी घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली हवं, दाणा एका जागी ढीग न करता पसरून टाकायचा, पाण्याखाली तो बदकाला सापडावा पण कावळ्याला दिसू नये, हे सगळं त्यांना जमलं होतं. साहेबांचा एकच हुकूम होता. चारा टाकला की मागे वळून न बघता घरी जायचं; बदकाने एकदा तिथे माणूस पाहिला की पंधरा दिवसांची ज्वारी पाण्यात. ती तशीही पाण्यातच होती, पण साहेबांना कोण सांगणार? आणि खुद्द शिकारीच्या रविवारी मनोहरराव रेस्ट हाऊसवर असत, साहेबांच्या पाहुण्यांच्या चहाचं आणि रश्श्याचं बघायला. म्हणजे यजमानाने रोज आग्रहाने जेवायला बोलवायचं, आणि पाहुणे दारात आले की आपण घरात नाही, असा तो प्रकार होता.

एकदा साहेबांनी खूश होऊन एक बदक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या उर्मिलाबाईंनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते शिपायाच्या घरी गेलं. मनोहररावांना मनातून बरंच वाटलं. इतके दिवस ज्याला वाढलं, त्यालाच ताटात घ्यायचं हे त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं.

तेव्हा बदक त्यांनी मारलं नाही, हे एक. पण मनोहररावांच्या मनाला लागलेली गोष्ट ती नव्हेच. त्यांनी त्या बदकांना कधी उतरतानाही पाहिलं नव्हतं. तांबूस रंगाची, शीळ घालत येणारी अडई त्यांच्याच तळ्यावर थव्याने उतरत होती, त्यांनीच टाकलेला दाणा खात होती, आणि ते तेव्हा सायकलवरून घराच्या वाटेला लागलेले असत. उतरण्याचं वर्णन त्यांनी साहेबांकडून आणि साहेबांच्या ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. आधी म्होरक्या येतो, तळ्यावर एक गिरकी घेतो, बासरीसारखी शीळ घालतो, आणि मग सगळा थवा ओळीने पाण्यावर उतरतो. सिंगापूरला आल्यापासून त्यात ‘चांगीला विमानं उतरतात तसा’ एवढी भर पडली होती.

सिंगापूरला ते आले मुलाकडे. मुलगा धैर्यशील जुरोंग आयलंडवर प्रोसेस इंजिनिअर आहे. तो उजाडायच्या आत पास गळ्यात अडकवून कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याला बदकांत काय, जेवणातही रस उरलेला नसतो. सून विभा बँकेत. राहता राहिली नात गार्गी. ती प्रायमरी फाइव्हमध्ये आहे. आजीला, आजोबांना आणि देवाला ती एकाच ‘तू’मध्ये बसवते. आजोबांच्या बदकांची सगळ्यात निष्ठावान श्रोती ती होती. होती म्हणायचं कारण असं, की गेल्या वर्षी तिच्या हाती टॅब्लेट आला.

“आजोबा,” एका दुपारी ती म्हणाली, “लेसर व्हिसलिंग डक म्हणजे तुझी अडई ना? मी व्हिडिओ बघितला. ओळ-बिळ काही नाही. दे जस्ट एनीहाऊ कम डाऊन.”

“तो व्हिडिओ कुठला?”

“थायलंड.”

“तिथली शिस्तच तशी. आमची महाराष्ट्रातली होती.”

गार्गीने टॅब्लेट खाली ठेवला. तिने आजोबांकडे सरळ पाहिलं आणि आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. “बट यू सी बिफोर ऑर नॉट? तू स्वतः?”

मनोहरराव थापा मारण्यात पटाईत होते, पण सरळ खोटं बोलायचं झालं की त्यांची जीभ अडखळे. हा फरक सगळ्यांना कळत नाही. फुगवलेली गोष्ट सांगणं वेगळं, आणि पोरीच्या डोळ्यांत बघून ‘हो’ म्हणणं वेगळं. त्यांनी आशेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. नेमका त्या दिवशी मिक्सर लागला नाही.

“ब्लफ लाह,” गार्गी इथल्या इंग्रजीत म्हणाली. रागाने नाही. तिने ते इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की मनोहररावांना जास्तच लागलं.

त्या क्षणी त्यांनी ठरवलं. अडई उतरताना बघायची. आपण बघायची, आणि गार्गी शेजारी असताना बघायची. त्यासाठी साहेब नको, बंदूक नको, रस्साही नको. फक्त तळं हवं आणि चारा हवा.

तळं होतं. ब्लॉकच्या मागेच पावसाचं पाणी साठवणारं मोठं तळं आहे, त्याच्या कडेने लाकडी पायवाट आहे, आणि पलीकडच्या झाडीवरून कधीमधी अडया जातात असं तिथे लेन्सची तोफ घेऊन बसणारे फोटोवाले सांगत. चाराही होता, लिटल इंडियातून आणलेली ज्वारी पिठाच्या डब्याशेजारीच होती. पण तळ्याच्या कठड्यावर एक पाटीही होती. पाटीवर चित्र होतं: एक हात, त्यातून पडणारे दाणे, आणि त्यावर मारलेली तांबडी काट. खाली दंडाचा आकडा. मनोहररावांनी जन्मभर सरकारी पाट्या लावल्या होत्या. ‘कालव्यात पोहू नये’ या पाटीखाली लोक कपडे काढून ठेवत आणि पोहत, याचं दुःख त्यांनी पेन्शनपर्यंत वाहिलं होतं. त्यामुळे पाटी म्हटली की ती पाळणारा एक तरी माणूस जगात असावा, म्हणून ते स्वतः पाळत.

“झालं मग,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “आता मुकाट्याने ज्वारीची भाकरी खा.”

“टाकायचा नाही म्हणतात,” मनोहरराव विचार करत म्हणाले. “पिकवायचा नाही असं कुठे म्हणतात?”

तळ्याला लागूनच रहिवाशांची कम्युनिटी गार्डन होती. उर्मिलाबाईंचे मेथीचे आणि कोथिंबिरीचे दोन वाफे तिथेच होते. बागेच्या टोकाला, मोठ्या तळ्याच्या बाजूला, सिमेंटचं एक उथळ टाकं होतं. त्यातली कमळं मेली होती आणि आता त्यात नुसतं पाणी आणि डासांच्या भीतीने सोडलेले गप्पी मासे होते. बागेच्या प्रमुख मिसेस ओंग. वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोक्यावर मोठी गवती टोपी, आणि कुठल्याही प्रश्नाला आधी ‘कॅनॉट’ म्हणायची सवय. मनोहररावांच्या नावातला ‘हर’ त्यांनी पहिल्याच दिवशी वजा केला होता.

“मिस्टर मनो, टाक्यात काय लावणार?” मनोहररावांनी टाकं मागितल्यावर त्यांनी विचारलं.

“भात, मॅडम.”

“कॅनॉट,” मिसेस ओंग म्हणाल्या. मग त्यांनी टोपी जरा मागे सरकवली. त्यांच्या लहानपणी आई भाताच्या शेतातल्या गोष्टी सांगायची, असं काहीसं त्या पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “कॅन. पण कापणी मी सांगेन तेव्हा. शाळेची मुलं बघायला बोलवू.”

पक्ष्यांचं नाव कुणी काढलं नाही. मनोहररावांनी ते काढलं नाही हे खरं, पण रात्री त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बागेत गेले. “मॅडम, भात पिकला की पक्षी येतील हं. बदकंसुद्धा. आधी सांगितलेलं बरं.”

मिसेस ओंगनी त्यांच्याकडे अजब नजरेने पाहिलं. “पक्ष्यांना कोण सांगणार येऊ नका म्हणून? यू?”

झालं, वरिष्ठांची तोंडी मंजुरी मिळाली.

दुसऱ्या एका बागेतून रोपं आली. मनोहररावांनी टाक्यात चिखल केला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लावणी केली. कालव्यावर नोकरी केलेला माणूस दुसऱ्यांच्या भाताला पाणी सोडतो, स्वतः चिखलात उतरत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी ते दोनदा बसले, एकदा मनाने आणि एकदा निसरड्यावरून. उर्मिलाबाई मेथी खुडत होत्या. “ओळ वाकडी चाललीय,” एवढंच त्या म्हणाल्या.

भात वाढला. शेजारच्या वाफेवाल्या आजी येऊन त्याला हात लावून जात. पाणी किती ठेवायचं यात मनोहरराव कुणाचंच ऐकत नसत. घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. भाताला ते चालायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. लोंब्या धरल्या, भरल्या, वाकल्या. पहिल्यांदा आल्या मुनिया, इवल्याशा, टोळीने. मग साळुंक्या आल्या. मग एके सकाळी एक भली थोरली घोरपड टाक्याच्या कठड्यावर पसरून ऊन खात बसलेली दिसली आणि बागेतल्या सगळ्या आजी तिच्याभोवती फोन घेऊन उभ्या राहिल्या.

“पहिला पाहुणा आला वाटतं,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “हा ओळीने उतरला का?”

मनोहरराव रोज संध्याकाळी बागेत जायचे. पाणी बघायचे, लोंब्या बघायचे, आकाशाकडे बघत बसायचे. इथे सूर्य बारा महिने सातच्या सुमारास इमानेइतबारे मावळतो. उन्हाचा रंग बदलला की ते कठड्यावरून उठायचे, हात झटकायचे आणि घरी यायचे. दारात उर्मिलाबाई विचारायच्या, “आल्या?” आणि ते नकारार्थी मान हलवायचे. भात तांबूस झाला. पिकलेले दाणे आपोआप पाण्यात सांडायला लागले. याहून चांगलं चाऱ्याचं तळं त्यांनी प्रतापराव साहेबांसाठीही केलं नव्हतं. आणि अडई काही येईना.

उलट भलतंच सुरू झालं. टाक्याच्या आतल्या बाजूच्या लोंब्या रोज आडव्या व्हायला लागल्या. कुणी तरी त्या तुडवत होतं. दाणे गायब होत होते.

“उंदीर,” मिसेस ओंगनी निकाल दिला. “मिस्टर मनो?”

मनोहररावांनी वाकून, चष्मा वर करून, खात्याच्या पद्धतीने जागेची पाहणी केली. “उंदीरच,” ते गंभीरपणे म्हणाले. “घुशी असण्याचीही शक्यता आहे.”

“मग रविवारी कापणी. उंदरांना खायला घालायला नाही लावलं आपण.”

“मॅडम, अजून एक आठवडा—”

“कॅनॉट,” मिसेस ओंग म्हणाल्या. या वेळी त्यांनी टोपी मागे सरकवली नाही.

म्हणजे उरला तो हाच आठवडा. शनिवारपर्यंत अडई आली तर आली, नाही तर संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा लावू असं म्हणायला मनोहररावांचं मन घेईना. पुढच्या वर्षी गार्गी प्रायमरी सिक्समध्ये, तिची मोठी परीक्षा; आणि त्यानंतरची गार्गी आजोबांच्या शेजारी तळ्याकाठी बसायला येईल, एवढा आशावादी माणूस पाटबंधारे खात्यातही सापडला नसता.

बुधवारी गार्गी ट्यूशनहून घरी आली तीच चप्पल न काढता.

“आजोबा, तुझ्या राइसमध्ये बर्ड्स आहेत. ब्राऊन वाले. आय हर्ड देम. काल पण होते.”

“मुनिया,” मनोहरराव सोफ्यावरून म्हणाले.

“नॉट मुनिया. मोठे. दे मेक धिस साउंड, लाइक...” तिने ओठ आवळून एक आवाज काढला. कुत्र्याच्या रबरी खेळण्यावर पाय पडल्यावर जसा येईल, हुबेहूब तसा.

मनोहरराव हसले. “अगं, अडईची शीळ म्हणजे बासरी असते बासरी. हे तू काय पिपाणी वाजवतेस?”

“आय नॉट ब्लफिंग. झाडावरून आले खाली. एक तर लॅम्प पोस्टवर बसला होता.”

“बदक दिव्याच्या खांबावर? फेकू नकोस, गार्गी.”

गार्गी ओठ चावत उभी राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते उर्मिलाबाईंनी ओळखलं. खरं बोलणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवला नाही की येतं तसलं. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

“किती वाजता पाहिलेस गं, बाळा?”

“ट्यूशन सुटल्यावर. सेव्हन थर्टी लाइक दॅट. आजोबा तेव्हा नसतो. ऑलवेज गो होम ऑलरेडी.”

उर्मिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टीपॉयकडे पाहिलं.

“अहो,” उर्मिलाबाई म्हणाल्या, “इतके दिवस तुम्ही बागेत जाताय. ऊन उतरल्यावर तिथे एकदा तरी थांबलात?”

मनोहररावांनी आठवून पाहिलं. नव्हते थांबले. एकदाही नाही. उन्हाचा रंग बदलला की त्यांचे पाय आपोआप उठत. चारा टाकला, झालं, मागे न बघता घरी. हे त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे मोडायचंही सुचलं नव्हतं. पाहुणे रोज येत होते, जेवत होते, ताटं तुडवून जात होते, आणि यजमान रोजच्यासारखे घरी सोफ्यावर बसून पाहुणे येत नाहीत म्हणून खंत करत होते. वर पाहुण्यांना उंदीर म्हणून आले होते.

“साहेब रिटायर झाले, जीप भंगारात गेली,” उर्मिलाबाई म्हणाल्या, “बंदूक कुठे गेली देव जाणे. आणि तुम्ही अजून हुकूम पाळताय.” आणि मग त्या पदराने तोंड झाकून इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. गार्गीला काय विनोद झाला ते कळलं नाही, पण आजी हसते म्हणून तीही हसायला लागली. शेवटी मनोहररावांनाही राहवेना.

गुरुवारी पाऊस. इथला पाऊस, बादली उलटी केल्यासारखा. शुक्रवारी पुन्हा तोच. तळ्यावर विजा चमकत होत्या आणि बागेचं फाटक बंद होतं. मनोहरराव खिडकीशी उभे राहून पाणी मोजल्यासारखे बघत होते. “आता दाणे वाहून जातील,” ते म्हणाले.

शनिवारी आकाश धुऊन काढल्यासारखं निघालं. संध्याकाळी मनोहरराव, उर्मिलाबाई आणि गार्गी बागेत गेले आणि केळीच्या झाडामागे, उर्मिलाबाईंच्या वाफ्याशेजारच्या उलट्या ठेवलेल्या क्रेट्सवर बसले. थोड्या वेळाने मिसेस ओंगही आल्या. त्यांच्या एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हातात उंदराचा पिंजरा.

“उद्याच्या आधी मला तो उंदीर बघायचाय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही इथे काय करताय?”

“आम्हीही तेच,” उर्मिलाबाई म्हणाल्या, आणि सरकून त्यांना क्रेटवर जागा दिली. मिसेस ओंगनी पिंजरा मांडीवर घेतला.

ऊन पिवळं झालं. मग तांबूस झालं. मनोहररावांचे पाय शिवशिवायला लागले. त्यांनी एकदा हात झटकले. गुडघ्यावर हात ठेवून ते अर्धवट उठलेही. उठायचं त्यांच्या मनात नव्हतं. गुडघ्यांच्या मनात होतं. गार्गीने त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं आणि खाली ओढलं.

“सिट लाह, आजोबा.”

ते बसले. मागच्या ब्लॉकमध्ये दिवे लागायला लागले. एलआरटीचा छोटासा डबा वरच्या रुळावरून उजळून निघून गेला. मनोहररावांना वाटलं, आता येणार नाहीत. पावसाने दाणे नेले. आणि नाही आल्या तर गार्गीला आपण काय सांगायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. सांगायचं की पाहिल्या नाहीत. कधीच नाही. मी नुसता दाणे टाकायचो, गं.

त्यांनी तोंड उघडलं, आणि वर कुणी तरी रबरी खेळण्यावर पाय दिला.

एक आवाज. मग दुसरा. मग चहूबाजूंनी, चिरक्या, हसऱ्या, एकमेकांना विचारत असल्यासारख्या शिळा. पलीकडच्या पर्जन्यवृक्षावरून तांबूस पंख फडफडवत चार-पाच जणी निघाल्या. ओळ नव्हती. म्होरक्या कोण होता हे त्यांनाही ठाऊक नसावं, कारण दोघी डावीकडे गेल्या आणि एक उजवीकडे जाऊन परत फिरली. एकीने खरोखरच दिव्याच्या खांबावर बैठक मारली आणि मान वेळावून खाली बघत राहिली, गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारावी तशी. मग पाय लोंबकळत सोडून, मान पुढे काढून, पंख भलतीकडेच फाकवून पहिली टाक्यावर आली. पाण्याऐवजी लोंब्यांवर पडली. लोंब्या आडव्या झाल्या, तीही झाली, उठून अंग झाडलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खायला लागली. तिच्यामागोमाग धबाधब बाकीच्या. पाण्यात चोची बुडाल्या. बारीक चटचट आवाज यायला लागला. जेवायला बसलेली मंडळी सगळीकडे सारखीच वाजतात.

“सी?” गार्गी कुजबुजली. “सी? एनीहाऊ ओन्ली.”

मनोहरराव नुसते बघत होते. उर्मिलाबाईंनी वाट पाहिली. मग कोपराने ढोसलं. “अहो. सांगा की काहीतरी.”

ते मान हलवत राहिले. आयुष्यभर ज्याचं वर्णन केलं ते समोर होतं, वर्णनापेक्षा वेंधळं होतं, बेशिस्त होतं, आणि इतकं छान होतं की त्यांच्याकडचे सगळे शब्द एकदम निरुपयोगी ठरले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते हसतही होते. केळीच्या पानातून येणाऱ्या दिव्याच्या उजेडात दोन्ही दिसत होतं.

मिसेस ओंग मांडीवरच्या पिंजऱ्याकडे आणि टाक्याकडे आळीपाळीने बघत होत्या. “दीज आर माय रॅट्स, आह?” त्या अगदी हळू म्हणाल्या.

मनोहररावांचा कंठ फुटला तो सरकारी कर्तव्याला. “मॅडम, मी पाहणी करून उंदीर म्हणालो होतो. ती माझी चूक. आणि भात मी बागेसाठी लावला हे खरं, पण मनात यांचंच होतं. तुम्ही म्हणाल ते.”

एका अडईने पिल्लाला भरवावं तसं शेजारणीच्या चोचीशी काहीतरी केलं, बहुतेक चोरी असावी. मिसेस ओंग हसल्या आणि त्यांनी तोंडावर टोपी धरली.

“कापणी उद्याच,” त्या म्हणाल्या. “मुलांना बोलावलंय. पण माझी कंबर गेलीय. पाण्यात सांडलेलं मी वेचत बसणार नाही. तुम्हीही वेचायचं नाही, मिस्टर मनो. तुमचंही वय झालंय.”

“नाही वेचणार,” मनोहरराव तत्परतेने म्हणाले.

त्या रात्री जेवताना गार्गी बाबाला सगळं सांगत होती. हातवारे करून, खुर्चीवरून पडून दाखवत, खांबावरची अडई मान कशी वेळावत होती ते तीन-तीनदा करून. विभा हसत वाढत होती. धैर्यशीलने घास तोंडाशी तसाच धरला होता. मग त्याने वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही?”

“तिने सांगितलं तसंच होतं,” मनोहरराव म्हणाले. “अगदी तसंच.”

“मग लहानपणी मला सांगायचात ते? ओळीने वगैरे?”

स्वयंपाकघरात मिक्सर होता, पण तो लावायला कुणी उठलं नाही. उर्मिलाबाई आमटीची वाटी हातात घेऊन बसून राहिल्या.

“ते मी ऐकलेलं होतं रे,” मनोहरराव म्हणाले. “मी चारा टाकून घरी यायचो. बघायची परवानगी नव्हती.”

धैर्यशीलने घास खाली ठेवला. गार्गीने मात्र आजोबांकडे डोळे विस्फारून पाहिलं. तिला थाप पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ती म्हणाली, “एव्हरी डे? तू रोज खायला द्यायचास आणि दे नेव्हर लेट यू सी? सो मीन.” आणि आपल्या ताटातला गुलाबजाम तिने त्यांच्या ताटात ठेवला.

सोमवारी धैर्यशीलने साइटवरून फोन केला. लवकर निघतोय, पहिली बस पकडतोय, कापणी झाली तरी येतात का त्या, असं तो विचारत होता.

“सांडलेलं आहे अजून,” मनोहरराव म्हणाले. “ये. पण बसमधून उतरल्यावर फोन करू नकोस, आणि केळीच्या मागून ये. पांढरा शर्ट असेल तर आईने काढून ठेवलेला तो तपकिरी घाल. आणि हे बघ, आल्या आल्या लगेच निघायची घाई करायची नाही. गार्गी शर्ट ओढते.”